गाडी वहिनींच्या नावावर!

सोयाबीन मार्केटला गेलं, हातात चार पैसे आले आणि दसरा-दिवाळीचा मुहूर्त गाठला, की आपल्या जिल्ह्यात नव्या गाड्यांच्या पूजा सुरू होतात. चाकाखाली लिंबू, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ. पूजेचं ताट वहिनींच्या हातात. आरसीवर नावही वहिनींचंच, कारण ‘लक्ष्मीच्या नावानं घेतलेली गाडी लाभते’. विम्याच्या कागदावरही पुन्हा वहिनींचंच नाव. चावी मात्र भाऊंच्या खिशात! आणि वहिनींनी चुकून म्हटलंच की मलाही शिकायचीय, तर उत्तर तयार असतं, “तुले कायले पाहिजे गाडी? कुठी जायचं असलं तं मी आहो ना!”

या ‘मी आहो ना’वर आपण बायकांनी फार वर्षं काढली. ते प्रेमानं म्हटलेलं असतं, हेही खरं. पण आज विषय प्रेमाचा नाही, पैशाचा आहे. गाडीच्या विम्याचा हप्ता दरवर्षी येतो, तो घरखर्चातूनच जातो, आणि तो कमी कसा करायचा हा प्रश्न घर चालवणाऱ्या बाईला पडणारच. त्यात कुणाची तरी नणंद, कुणाची तरी मावसबहीण अमेरिकेत असते. ती फोनवर सांगते, “अगं, मी शनिवारी घरबसल्या ड्रायव्हिंगचा एक कोर्स केला आणि माझा इन्शुरन्स कमी झाला.” मग आपल्याला वाटतं, आपल्याकडे असं काही आहे का? असेल तर एजंटानं का नाही सांगितलं?

तर आधी तिकडचं काय ते बघू. ती नणंद थापा मारत नाही. ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ नावाचा हा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलनं १९६४ साली सुरू केला. कल्पना अशी की आपण नियमानं चालवतो तेवढं पुरत नाही, समोरचा नियम मोडणार हे धरून चालवायचं. पुढे तिथल्या अनेक राज्यांनी विमा कंपन्यांनाच सांगितलं, की असा मान्यताप्राप्त कोर्स करणाऱ्याला हप्त्यात सूट द्या. न्यूयॉर्क राज्यात ही सूट ठरावीक भागांवर १० टक्के असते आणि ती तीन वर्षं मिळते. न्यू जर्सीतही, जिथे एडिसनच्या आसपास मराठी घरं भरपूर आहेत, तीन वर्षांची सूट कायद्यानंच द्यावी लागते. तीन वर्षं झाली की कोर्स पुन्हा करायचा, सूट पुन्हा घ्यायची. सोपा हिशेब.

आपल्याकडे असा नियम नाही. वाशिमात काय, मुंबईतही नाही. कोर्सचं सर्टिफिकेट एजंटापुढे ठेवलं तर तो कौतुक करील, चहा पाजील, पण हप्त्यातून रुपया कमी होईल याची हमी कुठलाही कायदा देत नाही. याचं कारण समजून घ्यायला हवं. तिकडे विमा ठरवताना आधी विचारतात, चालवणारा कोण? वय किती, अपघात किती, दंड किती? आपल्याकडे विचारतात, गाडी कोणती? इंजिन किती सीसीचं, गाडी किती वर्षांची, कुठल्या शहरात नोंदलेली? चालवणारा शहाणा आहे की बेभान, हे आपल्या पॉलिसीच्या दराला ठाऊकच नसतं. (एक गंमत सांगते. ब्रिटनमध्ये बायकांच्या हातून मोठे अपघात कमी होतात म्हणून कित्येक वर्षं त्यांचा हप्ता पुरुषांपेक्षा कमी असायचा. युरोपच्या न्यायालयानं २०११ मध्ये स्त्री-पुरुष असा भेद दरात करायचा नाही असा निकाल दिला आणि डिसेंबर २०१२ पासून ती सवलत गेली. ‘बाई गाडी चालवते म्हणजे ठोकणारच’ असं म्हणणाऱ्या भावजींना हे जरूर सांगा. विमा कंपन्या धर्मादाय म्हणून कुणाला सूट देत नसतात!)

आता आपल्या पॉलिसीकडे वळू. कपाटातून काढा ती. तिचे ढोबळमानानं दोन भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’चा. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई या भागातून होते. मोटार वाहन कायद्यानं हा सक्तीचा आहे आणि याचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी कारसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला ७,८९७ रुपये असा वर्षाचा दर होता. वर १८ टक्के जीएसटी. इथे घासाघीस चालत नाही. एजंट गावातला असो, नात्यातला असो, हा आकडा हलत नाही. विजेवरच्या गाडीला मात्र या दरपत्रकात १५ टक्के सूट ठेवलेली होती.

दुसरा भाग ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. दोन्ही भाग मिळून होतो तो आपल्या भाषेतला ‘फुल इन्शुरन्स’. हा दुसरा भाग कंपनी-कंपनीत वेगळा असतो आणि जी काही बचत करायची ती इथेच. या भागात एक ओळ असते, नो क्लेम बोनस. मैत्रिणींनो, बोटानं शोधून ती ओळ वाचा. आपल्या देशात चांगलं चालवण्याचं बक्षीस देणारी तीच एक ओळ आहे. एक वर्ष क्लेम घेतला नाही तर पुढल्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं काही झालं नाही तर ५० टक्के. निम्मा हप्ता! अमेरिकेतल्या नणंदेला कोर्स करून जेवढं मिळतं, त्याच्या कितीतरी पट.

आणि एकदा क्लेम घेतला की? शून्य. साप-शिडीच्या खेळात नव्याण्णवला साप गिळतो ना, तसं.

हे आकड्यात मांडून बघू. समजा, तुमच्या गाडीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि पाच वर्षांच्या पुण्याईनं तुम्ही ४,०००च भरता. बाजारच्या दिवशी पार्किंगमध्ये बंपर ठोकला गेला. गॅरेजवाला म्हणाला, ४,००० रुपये लागतील, “पण वहिनी, तुम्ही कायले देता? क्लेम टाकून देऊ!” आपण खूश. आता पुढल्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे हप्ता ८,०००, पहिल्यापेक्षा ४,००० जास्त. त्याच्या पुढल्या वर्षी २० टक्के मिळून ६,४००, म्हणजे २,४०० जास्त. मग ६,०००, म्हणजे २,००० जास्त. मग ५,२००, म्हणजे १,२०० जास्त. मग ४,४००, म्हणजे ४०० जास्त. सहाव्या वर्षी पुन्हा ४,०००वर आलात. बेरीज करा, बरोबर १०,००० रुपये. त्यावर जीएसटी धरला तर ११,८००. मूळ हप्ता दरवर्षी थोडा बदलतो, त्यामुळे तुमचा आकडा पुढे-मागे होईल, पण वाचवले ४,००० आणि गेले दहा-अकरा हजार, हे गणित काही बदलत नाही. त्यातही क्लेम घेतला तरी अनिवार्य कपात म्हणून १,००० रुपये, मोठ्या इंजिनाला २,००० रुपये, आपल्याच खिशातून जातात, ते वेगळेच. बिशी चालवणाऱ्या बाईला हे पटायला दोन मिनिटं लागत नाहीत. पण गॅरेजमध्ये उभं राहून निर्णय कोण घेतं? बिशी चालवणारी नाही ना!

म्हणून मी म्हणते की डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स आपल्याकडे हप्ता कमी करतो, फक्त आडवळणानं. सर्टिफिकेट दाखवून नाही, तर ठोकाठोकी टाळून. बोनस टिकवणं हीच आपली सूट.

आता हा कोर्स म्हणजे नेमकं काय? ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपण शिकतो तिथे काय शिकवतात ते आठवा. क्लच, गिअर, हाफ क्लच, रिव्हर्स. मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक, त्यामुळे आपल्याला भीती नाही. शाळेच्या ग्राउंडवर चार फेऱ्या, मग कॅम्पला टेस्ट, झालं लायसन्स. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिकवण्याचा काळ किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं सांगितलंय. आपलं दहा तास झालं होतं का, प्रत्येकीनं मनातल्या मनात मोजावं. आणि गंमत बघा, याच नियमांत ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, पण कुणासाठी? पेट्रोल-गॅसचे टँकर चालवणाऱ्यांसाठी! त्यांना तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यात अपघाताची कारणं, ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते, रात्रीचं चालवणं, समोरासमोरची आणि मागून होणारी धडक, असं सगळं असतं. टँकरमध्ये गॅस असतो म्हणून एवढी काळजी. आपल्या गाडीत लेकरं असतात.

वाशिम जिल्ह्यात हा अभ्यासक्रम कुणी लिहायला बसलं, तर पुस्तकातले धडे पुरायचे नाहीत. आपले धडे वेगळे. ऑक्टोबरात संध्याकाळी सातला समोर सोयाबीनची पोती लादलेली ट्रॉली चाललेली असते. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवर गाणी जोरात. खेड्याच्या रस्त्यावर अर्ध्या डांबरावर धान्य वाळत घातलेलं असतं, कडेला दगड लावून. त्यावरून चाक घसरतं आणि रात्री ते दगडच दिसत नाहीत. रानातून रोही उडी मारून रस्त्यावर येतो, आणि एक आला की त्याच्यामागे दुसरा येणार हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, पण गाडीत बसल्यावर आठवत नाही. एका मोटरसायकलवर नवरा, बायको, दोन लेकरं आणि हँडलला पिशवी. तो कधीही, कुठेही, हात न दाखवता वळणार. हे सगळं धरून चालवायचं, हाच तो कोर्स. ‘त्याची चूक होती’ हे वाक्य क्लेमच्या फॉर्मवर ठीक असतं. बोनस मात्र चूक कुणाची होती हे न विचारताच जातो, आणि दवाखान्यातल्या पलंगावर त्या वाक्याचा उपयोग शून्य.

अकोला-मेडशी-मालेगाव-वाशिम-हिंगोली हा रस्ता रुंद झाला, तसा वेग वाढला. आणि ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तर कारंजा, शेलूबाजार, मालेगावकडून चढलं की गाडी सुसाटच. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. आपण मागे वळून लेकराला ‘नीट बस रे’ म्हणेपर्यंत दोन सेकंद जातात. तेवढ्यात गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं. म्हणून समोरच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं. कसं मोजायचं? समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. तीन म्हणायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर जवळ आहात, पाय काढा. १२० च्या वेगाला हे अंतर शंभर मीटर भरतं आणि ६० ला पन्नास. पावसात आणखी एक आकडा मोजा. समृद्धीवर सरळ, रिकाम्या रस्त्यानं डोळे उघडे राहून मन झोपतं, रस्ता संमोहित करतो, तेव्हा तासा-दीड तासानं उतरून पाय मोकळे करायचे. टायरची हवा निघण्याआधी बघायची. एवढं साधं आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ माणसं गेली. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातली ही गोष्ट. ती वाचून आपण सगळ्या दोन दिवस सुन्न होतो. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा १४० वर.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे. या आकड्यांत चालवणारे बहुतेक पुरुष. मागे राहिलेल्या बायका कुठल्याच तक्त्यात मोजल्या जात नाहीत.

आणि त्यामुळेच मला आरसीवरच्या त्या नावाची जास्त काळजी वाटते. गाडी वहिनींच्या नावावर आहे, ठीक. पण नाव आहे म्हणजे जबाबदारीही आहे, हे पूजेच्या दिवशी कुणी सांगत नाही. समजा, पुतण्या चावी घेऊन गेला. लायसन्स नाही. कुणाला तरी उडवलं. अपघात न्यायाधिकरण गेलेल्या माणसाच्या घरच्यांना वाऱ्यावर सोडत नाही. अशा प्रकरणांत बरेचदा ‘कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत’ असा आदेश होतो. सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वरनसिंग प्रकरणात लायसन्सच्या वादांबद्दल सविस्तर निकाल दिला, तेव्हापासून हे तत्त्व देशभर वापरलं जातं. मालक कोण? वहिनी. वसुली कुणाकडून? वहिनींकडून. चालवणारा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. ‘मी तर गाडीला हातही लावला नव्हता’ हा बचाव तिथे चालेलच असं नाही.

दुसरी बाजू याहून वाईट. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. शब्द नीट वाचा, मालक-चालक. म्हणजे जो मालक आहे आणि ज्याच्याकडे चालवायचं लायसन्स आहे, त्याचा. गाडी वहिनींच्या नावावर, वहिनींकडे लायसन्स नाही, चालवतात भाऊ. भाऊंना काही झालं तर ते मालक नाहीत. वहिनींना काही झालं तर त्या चालक नाहीत. पंधरा लाखांचं ते कलम मग कुणाचंच नाही! यावर उपाय दोन. एक तर गाडी जो चालवतो त्याच्या नावावर करा. नाहीतर वहिनी, तुम्ही लायसन्स काढा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, हे सांगायला नकोच. शिवाय भाऊंसाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या, तो गाडीशिवायही मिळतो.

गाडी भाऊंच्या नावावर आहे आणि भाऊ राहिले नाहीत, अशाही घरांत जावं लागतं. तेराव्याच्या गर्दीत विम्याचे कागद कुणाला आठवणार? तरी एक गोष्ट जवळच्या कुणीतरी आठवणीनं सांगावी. मालक गेल्यावर पॉलिसी साधारण तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची. आणि गाडी पत्नीकडे आली तर नवऱ्यानं साठवलेला नो क्लेम बोनसही तिला मिळू शकतो. मागितला तर. न मागितलेलं कुठल्याच कंपनीच्या खिडकीवर मिळत नाही.

पॉलिसीची तारीख चुकली तर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण व्हायला हवं, नाहीतर सगळा बोनस वाहून जातो. शिवाय त्या मधल्या दिवसांत गाडी बाहेर काढली आणि काही झालं, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. विनाविमा गाडीला केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, पण दंड ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट. जिचा नवरा विनाविम्याच्या ट्रॅक्टरखाली गेला तिला विचारा. न्यायाधिकरणाचा निकाल हातात असतो आणि ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू, त्यावरही बँकेचा बोजा. वसूल कशातून करायचं?

हप्ता कमी करायच्या ज्या बाकीच्या युक्त्या एजंट सांगतात, त्यातल्या काही बऱ्या आहेत आणि काही फसव्या. गाडीची किंमत कागदावर कमी दाखवायची, म्हणजे आयडीव्ही उतरवायचा, ही फसवी. हप्त्यात हजार वाचतात आणि गाडी चोरीला गेली की लाख कमी मिळतात. पहिले काही हजार नुकसान आम्हीच सोसू असं लिहून देणं, याला व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात, ही बरी, पण ज्यांच्या गाठीला तेवढे पैसे कायम असतात त्यांनाच. ज्यांची गाडी वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटरच चालते, सासर-माहेर, लग्नकार्य, पोहरादेवीचं दर्शन, त्यांनी ‘जेवढं चालवाल तेवढं भरा’ ही सोय विचारावी. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना ती द्यायला परवानगी दिली. त्याचबरोबर ‘जसं चालवाल तसं भरा’ अशीही एक सोय आली. मोबाइलचं अॅप किंवा गाडीत बसवलेलं छोटं यंत्र बघतं की तुम्ही किती वेगानं जाता, किती जोरात ब्रेक दाबता, आणि त्यावर हप्ता ठरतो. नणंदेच्या कोर्सच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच. फक्त एक विचारून घ्या, ते यंत्र कोण कुठे गेलं हेही साठवतं का? बाईच्या फिरण्याचा हिशेब घरात आधीच खूप जण ठेवत असतात, त्यात आणखी एकाची भर नको.

आता थोडं सरकारशी. जानेवारी २०२१ मध्ये नियामकाच्या एका कार्यगटानं शिफारस केली होती, की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याच्या विम्यात वेगळा जादा हप्ता लावा. दारू पिऊन चालवलं तर सगळ्यात जास्त गुण, चुकीच्या पार्किंगला कमी. कल्पना चांगली होती. पण तो जादा हप्ता नोंदणीकृत मालकानं भरायचा, चालवणाऱ्यानं नाही! म्हणजे दारू भाऊंनी प्यायची आणि हप्ता वहिनींचा वाढायचा. शिक्षेचा एवढा विचार करणाऱ्यांनी बक्षिसाचा का करू नये? मान्यताप्राप्त केंद्रातून प्रशिक्षण घेतलं तर ओन डॅमेजमध्ये ठरावीक सूट, एवढं एक परिपत्रक निघालं तर ड्रायव्हिंग स्कूलसमोर रांगा लागतील. आपला मराठी माणूस सवलतीसाठी साडी दोनदा उलगडून बघतो, हा तर कोर्स आहे.

केंद्रं उघडायलाही अडचण नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केंद्र सरकारनं जून २०२१ मध्ये काढले. हलक्या वाहनांसाठी एक एकर जागा, शिकवायला बारावी पास आणि पाच वर्षं गाडी चालवलेला माणूस, सिम्युलेटर, आखलेला ट्रॅक. कारचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यातले ८ तास वर्गात बसून. तिथे पास झालं की आरटीओची टेस्ट माफ. आता सांगा, वाशिम जिल्ह्यात एक एकर जमिनीची वाण आहे का? बाजार समित्या आहेत, आयटीआय आहेत, शेतकऱ्यांच्या संस्था आहेत. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, गाड्यांना एमएच-३७ मिळाला याचा आपल्याला कोण अभिमान! तोच अभिमान चालवण्यातही दिसावा. २०२३ मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवर बायका बसल्या. प्रवासी घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या त्या महामंडळाचं पूर्ण प्रशिक्षण घेऊन, ‘आपोआप येतं’ म्हणून नाही.

केंद्र होईल तेव्हा होईल. तोवर ज्या शिकताहेत त्यांनी तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. लर्निंग लायसन्स असताना नवऱ्याच्या गाडीवर हात साफ करायचा असेल तर पुढे-मागे ‘एल’ लावा आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसवा. मागच्या सीटवरून ‘ब्रेक दाब, ब्रेक दाब’ ओरडणारी आत्या चालत नाही. हे नसेल आणि ठोकली, तर कंपनी क्लेमला नाही म्हणू शकते. घरची गाडी लग्नसराईत भाड्यानं देऊ नका, खासगी पॉलिसीत ते बसत नाही, मग ‘डिझेलचे पैसे तेवढे घेतले’ म्हणून भागत नाही. आणि लायसन्स मिळाल्यावर गाडी सहा महिने शेडमध्ये ठेवू नका. हात सुटतो.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनाही सांगणं आहे. दहा-पंधरा जणी मिळून आल्या तर शेवटचे दोन दिवस ग्राउंडवर न काढता त्यांना हायवेवर न्या. एक फेरी अंधार पडल्यावर करा. समोरून फुल लाइट मारत ट्रक आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, डिपरच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, जनावर आलं तर स्टिअरिंग झटकायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, हे वर्गात सांगून कळत नाही. याचे पाचशे रुपये जास्त घ्या. आम्ही देऊ. बंपरच्या एका क्लेमनं काय जातं, त्याची बेरीज आता आमच्याकडे आहे.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पॉलिसी सोबत न्यावी. मालक कोण, लायसन्स कुणाचं, बोनस किती टक्के, आयडीव्ही किती, मुदत कधी संपते. पाच रकाने, वहीच्या एका पानावर मावतात. जिथे मालकाच्या रकान्यात आपलं नाव असेल आणि लायसन्सच्या रकान्यात नसेल, तिथे लाल पेनानं खूण करा. लर्निंग लायसन्सचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि ते मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते.